वैर आणि उंबरठा

सिंधमधल्या चन्हुदडो या हडप्पाकालीन गावाचे उत्खनन अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ च्या हंगामात केले. मणी घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. तिथे सापडलेल्या वस्तूंत शिक्के आहेत, वजने आहेत, अर्धवट भोके पाडलेले मणी आहेत, आणि एक साधी वीटही आहे. ती थापून उन्हात वाळत ठेवलेली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि एक कुत्रा गेला. पुढे वीट भाजली गेली आणि दोघांच्या पंजांचे ठसे सुमारे साडेचार हजार वर्षे टिकून राहिले. ठसे खोल उमटले आहेत, पंजे फाकलेले आहेत. त्यावरून दोघेही वेगात होते, असे मॅके यांनी नोंदवले. मग कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला ही गोष्ट तयार झाली आणि सिंधू संस्कृतीवरच्या लोकप्रिय पुस्तकांतून ती आजही सांगितली जाते.

ही वीट पाहून बहुतेक जण हसतात. बघा, तेव्हाही हेच चालले होते! कुत्र्या-मांजराचे वैर संस्कृतीइतकेच जुने, असा तिचा अर्थ लावला जातो. मला मात्र विटेत एक दुसरी गोष्ट दिसते. तिच्यावर पळणे उमटले आहे, पकडणे उमटलेले नाही. मांजर पुढे कुठे गेले असेल? भिंतीवर, गच्चीवर, विटांच्या चळतीमागे? आवार मोकळे होते आणि जायला वाट होती. पाठलागाच्या कुठल्याही गोष्टीत दोन प्राण्यांइतकीच भोवतालची जागाही पात्र असते. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही, कारण आपण वैर प्राण्यांच्या स्वभावात शोधत असतो.

हा प्रश्न मला निव्वळ अभ्यासापुरता पडलेला नाही. बडोद्यात आमच्या घरी दोन कुत्रे आहेत, राजा आणि भुऱ्या. दोघेही रस्त्यावरून आलेले, एक सात वर्षांचा आणि एक पाच. गेल्या वर्षी माझी आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली. तिचे वय ७८. वाईतले ज्या घरात तिने सगळा संसार केला, ते वाटणीत विकले गेले होते. तिच्याबरोबर वेताच्या टोपलीतून चिंगी आली, नऊ वर्षांची मांजरी. पहिले दोन दिवस कुत्रे आत्याच्या खोलीच्या दारावर धडका देत राहिले आणि चिंगी कपाटावरून खाली उतरली नाही. खाणेही तिने तोंडात घेतले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या चहा घेता घेता म्हणाली, “हे बघ, घर तुमचं आहे, कुत्रे तुमचे आहेत. मी आणि चिंगी कुठंतरी खोली बघतो.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मांजर ठेवायचे की द्यायचे, एवढाच प्रश्न आता उरला नव्हता. म्हातारपणी ज्या घरात यायचे, तिथे आपल्याबरोबर आपले काय आणता येते, असा तो प्रश्न झाला होता.

मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला. पशुवैद्याला विचारायचे ते विचारलेच, पण सवयीप्रमाणे मागेही जाऊन पाहिले. माणसांनी या दोन प्राण्यांना एका छपराखाली कसे ठेवले? आणि त्यांच्या भांडणाला आपण काय नाव दिले?

नाव फार जुने आहे. पाणिनीच्या व्याकरणात समासाचा एक नियम असा आहे की ज्यांचे वैर शाश्वतिक, म्हणजे कायमचे, त्यांची नावे जोडून केलेला द्वंद्व समास एकवचनी होतो. टीकाकारांनी दिलेली उदाहरणे ठरलेली आहेत: साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर, कावळा आणि घुबड. कुत्र्याची जोडी या उदाहरणांत कोल्ह्याशी लागते. मांजराचा जोडीदार उंदीर आणि कुत्र्याचा कोल्हा. जी जोडी आपल्याला आज वैराचा नमुना वाटते, ती या ठरलेल्या यादीत बसवलेली नाही. पतंजलीने मात्र याच प्रकरणात श्रमण आणि ब्राह्मण यांचेही उदाहरण दिले आहे. माणसांच्या दोन पंथांमधले भांडण साप-मुंगसांच्या रांगेत बसवले की ते निसर्गाचा नियम वाटू लागते. ‘शाश्वतिक’ या शब्दातली खोच तिथे कळते. एखादे वैर कायमचे म्हटले की ते मिटवण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

मराठीने कुत्र्या-मांजराची जोडी उचलली आहे. भावंडे कुत्र्या-मांजरासारखी भांडतात असे आपण म्हणतो. पण त्याच मराठीने विळ्या-भोपळ्याचेही सख्य सांगितले आहे. विळ्याला भोपळ्याचा राग येत नाही. स्वयंपाकघरात एकाला दुसऱ्यावर चालवले जाते एवढेच. वाक्प्रचार बनवणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. वैर कधी कधी वस्तूंच्या स्वभावात नसून त्यांना कुठे, कशासाठी समोरासमोर आणले यात असते.

या विचाराची सर्वांत सखोल मांडणी मला महाभारताच्या शांतिपर्वात सापडली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा आपद्धर्माच्या भागातला १३६ वा अध्याय आहे. शत्रूंनी घेरलेल्या दुबळ्या राजाने कसे वागावे, असे युधिष्ठिर विचारतो आणि भीष्म त्याला एका वडाच्या झाडाची गोष्ट सांगतात. झाडाच्या मुळाशी पलित नावाचा उंदीर राहतो, फांद्यांवर लोमश नावाचे मांजर. एका रात्री लोमश फासेपारध्याच्या जाळ्यात अडकतो. पलित निर्धास्त होऊन बाहेर येतो, तर खाली मुंगूस टपलेले आणि वर घुबड बसलेले. अशा वेळी उंदीर चक्क मांजराच्या कुशीत जाऊन बसतो. मी तुझे पाश तोडीन, तू मला या दोघांपासून वाचव, असा करार होतो. मुंगूस आणि घुबड निघून जातात. पलित पाश कुरतडतो, पण मुद्दाम सावकाश. पहाटे पारधी आपले कुत्रे घेऊन येताना दिसतो, तेव्हाच तो शेवटचा पाश तोडतो. आता मांजराला उंदराकडे बघायला सवड नाही. लोमश झाडावर, पलित बिळात.

गोष्टीचा गाभा यानंतरच्या संवादात आहे. धोका टळल्यावर लोमश गोड बोलून पलिताला बोलावतो: आपण आता मित्र झालो, ये. पलित येत नाही. त्याच्या उत्तराचा सारांश असा, की जन्माने कुणी कुणाचा मित्र नसतो आणि शत्रूही नसतो. कारणाने मैत्री होते, कारणाने वैर होते, आणि कारण संपले की दोन्ही बदलतात. म्हणून तू तुझ्या फांदीवर बरा, मी माझ्या बिळात बरा. व्याकरणाने ज्या जोडीचे वैर कायमचे म्हणून नोंदले, त्याच जोडीच्या तोंडून महाभारत सांगते की वैराला कारण असते, आणि कारणाचे व्यवस्थापन करता येते. गोष्टीत कुणाचे हृदयपरिवर्तन होत नाही. दोघेही जिवंत राहतात, कारण एकाला वर जायला फांदी आहे आणि दुसऱ्याला शिरायला बीळ आहे.

आता कुत्रा आणि मांजर. हे दोघे माणसाकडे दोन वेगळ्या वाटांनी आले. कुत्रा आधी आला, शेतीच्या कितीतरी आधी. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडे काश्मीरमध्ये बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत कुत्रे पुरलेले सापडले आहेत, कधी माणसाबरोबर. आणि तिथल्या एका कोरीव शिळेवर शिकारीच्या दृश्यात कुत्राही आहे. तो टोळीचा प्राणी. शिकारीत, राखणीत आणि प्रवासात तो माणसाच्या बरोबर चालला. त्याचे नाते माणसाशी जडले.

मांजर आले ते धान्यामागून. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारे भरली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर शिलुरोकाम्बोस या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाजवळ जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठ महिन्यांचे मांजर पुरलेले आढळले. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या बेटावर रानमांजर मुळात नव्हते, म्हणजे कुणीतरी ते नावेतून आणले होते. मांजर हा एकट्याने शिकार करणारा आणि एका जागेला धरून राहणारा प्राणी. त्याचे नाते आधी जागेशी जडते, मग त्या जागेतल्या माणसांशी. चिंगीला टोपलीत घालून वाईहून बडोद्याला आणले तेव्हा तिचे माणूस तिच्याबरोबर होते. हरवली होती ती तिची जागा.

एक प्राणी माणसाला धरून, दुसरा जागेला धरून. दोघांना एका घरात आणले तर पहिला म्हणतो ही माझी माणसे, दुसरा म्हणतो हे माझे घर. जुन्या काळी हा तंटा सोडवला तो घराच्या बांधणीने.

आमचे वाईचे घर मला आठवते तसे सांगते. पुढे अंगण, मग ओसरी, मग उंबरठा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या वर माळा. कुत्रा अंगणात आणि ओसरीवर असायचा. भाकरी त्याला तिथेच मिळायची, उंबरठा तो ओलांडायचा नाही. मराठीत ‘दारचे कुत्रे’ म्हणतात ते उगीच नाही. मांजर चुलीपाशी, कणगीपाशी, माळ्यावर. तिच्यापासून दूध-लोणी वाचवायला आढ्याला शिंके टांगलेले असायचे. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण अशाच स्वयंपाकघरात जन्मली. म्हणजे घराचे दोन प्रकारे भाग पाडलेले होते: आडवे, आत आणि बाहेर, आणि उभे, खाली आणि वर. कुत्र्याला बाहेरचे आणि खालचे, मांजराला आतले आणि वरचे. दोघे एकाच घरचे असूनही दिवसातून क्वचितच समोरासमोर यायचे. आले तर चार उड्यांत मांजर माळ्यावर.

हे भाग केवळ सोयीचे नव्हते. देवाधर्माचीही त्यांना साथ होती. खंडोबाजवळ कुत्रा, भैरवाचे वाहन कुत्रा: गावाच्या वेशीवरचे, डोंगरावरचे, राखणीचे हे देव. बंगालमध्ये षष्ठी देवीचे वाहन मांजर आहे. ही मुलाबाळांची, बाळंतिणीच्या खोलीतली देवता, आपल्याकडच्या सटवाईची सखी. एक प्राणी वेशीचा, एक माजघराचा. मुस्लिम परंपरेतही अशीच वाटणी दिसते. मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये अबू कतादा यांची हकीकत आहे: वजूच्या पाण्याशी मांजर आले, तर त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले आणि सांगितले की मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे मात्र सात वेळा धुण्याचा संकेत आहे.

पण ही वाटणी निसर्गाने ठरवून दिलेली नाही, हेही इतिहासात दिसते. पारशांच्या धर्मग्रंथांत, वेंदिदादच्या १३ व्या प्रकरणात, कुत्र्याचा मान, त्याचा आहार आणि त्याला इजा करणाऱ्याची शिक्षा यांचा तपशीलवार विचार आहे. मृत्यूनंतरच्या ‘सगदीद’ विधीत कुत्र्याची दृष्टी मृतदेहावर पडावी लागते. मांजराला तिथे असा मान नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने भटके कुत्रे मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. म्हणजे कोणता प्राणी आतला आणि कोणता बाहेरचा, हे माणसे ठरवतात आणि त्याप्रमाणे घरे बांधतात. मनुस्मृतीत अध्ययनाच्या वेळी गुरू-शिष्यांमधून कोण गेले तर पाठ थांबवावा याची यादी आहे. त्या यादीत मांजर आणि कुत्रा शेजारी शेजारी आहेत. नियम करावा लागला, याचा अर्थ पाठशाळेत दोघेही सर्रास येत-जात होते.

मग फ्लॅट आला. अंगण गेले, ओसरी गेली, माळ्याच्या जागी बंद दारांचे लॉफ्ट आले, उंबरठा संगमरवराच्या पट्टीएवढा उरला. आणि याच काळात कुत्रा आत आला, सोफ्यावर बसला, पलंगाशी झोपू लागला. मला यात वाईट काही दिसत नाही. राजा आणि भुऱ्या आमच्या पलंगाशीच झोपतात. पण कुत्र्याची बढती झाली आणि मांजराच्या वाटा बंद झाल्या, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. दोन शेजारी राज्यांमधला डोंगर काढून टाकावा आणि मग त्यांच्या सीमातंट्याला पिढीजात वैर म्हणावे, तसे हे झाले.

बंद जागेत काय होते ते बडोद्याइतके कुणाला माहीत असणार! हत्तींच्या झुंजींसाठी गायकवाडांच्या या शहरात अगड होता, म्हणजे भिंतींनी घेरलेले भले मोठे मैदान. १८६० च्या दशकात फ्रेंच प्रवासी लुई रूसले खंडेराव गायकवाडांचा पाहुणा होता. त्याने हत्तीशी माणसांची साठमारी पाहिली आणि सविस्तर लिहून ठेवली. त्याच्या वर्णनातला एक तपशील माझ्या मनात घर करून राहिला आहे. मैदानाच्या भिंतीत जागोजाग लहान दारे होती. माणूस त्यातून निसटू शकेल आणि हत्ती शिरू शकणार नाही, एवढीच त्यांची रुंदी. कोल्हापूरच्या साठमारीच्या मैदानातही साठमाराला शिरता येईल असे आडोसे आहेत. ज्यांना झुंज लावायची होती त्यांना दोन गोष्टी नेमक्या ठाऊक होत्या. झुंज हवी तर जागा बंद करावी लागते. आणि दुबळ्याचा जीव वाचवायचा तर त्याच्या मापाचे, फक्त त्याच्याच मापाचे, दार ठेवावे लागते.

आमच्या घराची ही अवस्था होती: नकळत बांधलेला अगड, आणि चिंगीच्या मापाचे दार कुठेच नाही.

स्वभावाचा प्रश्न तरीही उरतो. कुत्र्याला मांजरामागे धावावेसे वाटते ते जन्मजात की शिकलेले? १९३० साली चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी मांजरीच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिले उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेली २० होती, त्यांपैकी ९. आणि उंदराच्याच सोबतीने वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ पिलांनी उंदीर मारला, तोही आपल्या पिंजऱ्यातला सोबती सोडून दुसरा. पाणिनीच्या शाश्वतिक वैराची ही प्रयोगशाळेतली तपासणीच म्हणायची. पुढे १९६९ मध्ये मायकेल फॉक्स यांनी चिवावा जातीची कुत्र्याची पिले मांजरांच्या पिलांत वाढवली. मोठी होताना ती कुत्र्यांपेक्षा मांजरांच्या सहवासात रमत होती आणि आरशातल्या आपल्याच रूपाकडे त्यांचे लक्ष जात नव्हते. कोवळ्या वयात जो सोबत असतो तो आपला, असा याचा अर्थ. कुत्र्यात ही कोवळीक साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात असते, मांजरात दुसऱ्या ते सातव्या. नऊ वर्षांची चिंगी आणि सात वर्षांचा राजा यांची ती वेळ केव्हाच सरून गेली होती.

२००८ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी कुत्रा आणि मांजर दोन्ही पाळणाऱ्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचे चांगले जमत होते. मांजर घरात आधी आलेले असेल आणि दोघेही लहान वयात एकत्र आले असतील, तर जमण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे सगळे उलटे: कुत्रे आधी, तेही दोन, आणि सगळेच प्रौढ. पण त्या अभ्यासातले दुसरे निरीक्षण धीर देणारे होते. दोघांच्या देहबोलीत अनेक खुणा परस्परविरुद्ध असतात. कुत्रा शेपूट हलवतो ते बहुधा खुशीने, मांजर शेपूट आपटते ते वैतागून. कुत्रा पंजा उचलतो ते खेळायला बोलावण्यासाठी, मांजर उचलते ते ओरबाडण्यासाठी. तरीही एकत्र राहणारे प्राणी एकमेकांच्या खुणा वाचायला शिकतात. काही कुत्रे तर मांजराच्या रीतीने नाकाला नाक लावून भेटू लागतात. बहुभाषक घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. दुसऱ्याची भाषा आपल्याला बोलता आली नाही तरी चालते. पण तिचा अर्थ आपल्या भाषेतून लावायचा नसतो.

यानंतर आम्ही घरात जे केले त्यात नवे काही नाही. वाईच्या घराची बांधणी बडोद्याच्या फ्लॅटमध्ये जमेल तशी परत आणली. पहिले तीन आठवडे चिंगी आत्याच्या खोलीत, दार बंद. तिच्या अंगाखालचे फडके कुत्र्यांच्या अंथरुणाशी आणि त्यांचे तिच्या खोलीत, म्हणजे नजरभेटीआधी वासाची ओळख. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण: दार म्हणजे खाणे, पलीकडचा वास म्हणजे खाणे. मग दाराऐवजी जाळीचे फाटक, आणि कुत्रे एका वेळी एकच, पट्ट्याला बांधून. दोघांना एकदम आणले की त्यांची टोळी होते आणि एकट्याने जे सुचत नाही ते टोळीला सुचते. राजाने नजर वळवली की त्याला खाऊ. रोखून बघत राहिला की शांतपणे बाहेर. ओरडणे नाही, मारणे नाही, कारण मांजर दिसली की मार बसतो एवढेच कुत्रा शिकतो आणि त्याचा राग मांजरावर निघतो.

आणि मुख्य म्हणजे वाटा. सुताराकडून बैठकीच्या भिंतीला वरच्या वर चालत जाता येईल अशा फळ्या बसवून घेतल्या, आत्याच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. जाळीच्या फाटकाला खाली एक चौकोन ठेवला, चिंगी जाईल आणि भुऱ्या अडेल एवढा. तिच्या मातीचा ट्रे आणि पाणी कुत्र्यांना पोचता येणार नाही अशा ठिकाणी. तिचे खाणे कुत्रे फस्त करू लागले तेव्हा आत्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उंच कप्प्यात तिची वाटी ठेवली आणि म्हणाली, “पूर्वी मांजरापासून दूध वर ठेवायचो, आता मांजरासाठी ठेवायचं.” शिंक्याचा एवढाच बदललेला अर्थ मी या सबंध शोधात इतर कुठे वाचलेला नाही.

आता दहा महिने झाले. भुऱ्या आणि चिंगी एका खोलीत असतात. तो फरशीवर, ती फळीवर. दुपारी ऊन आले की ती खाली उतरते आणि तो जागा देतो. राजाचे तसे नाही. त्याच्या अंगात शिकार आहे. फाटकाआडून तो तिच्याकडे बघतो, आणि आमचे नाव घेतले की मान वळवतो. त्याने एवढे शिकावे, हीच त्याच्याकडून अपेक्षा. या दोघांची दोस्ती व्हावी अशी इच्छा सुरुवातीला माझ्या नवऱ्याला होती. पलिताची गोष्ट मी त्याला ऐकवली तेव्हा आत्याच म्हणाली, “दोस्ती कशाला हवी? माझी नि माझ्या जावेची चाळीस वर्षं एका घरात झाली. दोन चुली होत्या म्हणून झाली.”

आत्या खोली शोधण्याविषयी आता बोलत नाही. वाईहून आणलेली तिची ट्रंक उघडली गेली आहे, देव मांडले गेले आहेत. आम्ही बाहेर जातो तेव्हा मात्र राजा एका बाजूला, चिंगी दुसऱ्या बाजूला आणि मधले दार बंद, हा नियम कायम आहे. कडी मीच लावते आणि परत एकदा ओढून बघते.